पिलाव्याचा वास ओळखणाऱ्या माश्या

फेब्रुवारीत वरुडकडच्या संत्राबागा आंबिया बहराच्या फुलांनी घमघमत असतात. अशाच एका बागेच्या धुऱ्यावर ठेवलेल्या मधपेट्या बघायला गेलो होतो. पहिल्या पेटीतली चौकट उचलली. खालच्या कडेला नरांचा पिलावा, म्हणजे पोळ्यात वाढणाऱ्या अळ्या-कोष, होता, वाटाण्यासारख्या फुगीर झाकणांचा. चिमट्यानं एक झाकण काढून आतला पांढराशुभ्र कोष बाहेर ओढला. त्याच्या पोटाशी एक तांबूस, चपटा ठिपका होता आणि बघता बघता तो ठिपका चालायला लागला. बागमालक वाकून पाहत होते. म्हणाले, "हे त गोचीडच हाये ना भाऊ!"

त्यांनी बरोबर ओळखलं होतं. गोचीड आणि हा कोळी एकाच आठपायी गोतातले. याचं नाव व्हरोआ डिस्ट्रक्टर. रुंदी जेमतेम दीड मिलिमीटर, पण माशीच्या मानानं हे ओझं केवढं? म्हशीच्या अंगावर परातीएवढी गोचीड बसावी तेवढं. हा कोळी माशीचं रक्त पितो असं कितीतरी वर्षं सांगितलं जायचं. मोठ्या माशीच्या अंगावर तो मुख्यतः तिच्या चरबीच्या पेशींवर जगतो, हे २०१९ साली सॅम्युअल रॅम्सी आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं. माशीची साठवण, प्रतिकारशक्ती, विषारी द्रव्यं पचवण्याची ताकद, सगळं त्या चरबीतच असतं. शिवाय तो विषाणूही पसरवतो. पंख चुरगळलेल्या माश्या पेटीसमोर सरपटताना दिसल्या, की त्या वसाहतीत कोळी फार वाढला आहे असं समजावं.

मुळात हा कोळी आपल्या सातेरी माशीच्या जातकुळीवर जगणारा. विसाव्या शतकाच्या मध्याला पूर्व आशियात युरोपीय मेलिफेरा माशीच्या पेट्या सातेरीच्या शेजारी आल्या आणि कोळ्यानं उडी मारली. पुढे पेट्यांच्या वाहतुकीबरोबर तो जवळजवळ जगभर गेला. ऑस्ट्रेलियानं त्याला २०२२ पर्यंत थोपवून धरलं होतं, आता तिथंही तो आहे. भारतात मेलिफेरा १९६०च्या दशकात हिमाचल-पंजाबात रुजली. आज विदर्भात तुरीवर, संत्र्यावर, कांद्याच्या बीजोत्पादनाच्या प्लॉटवर पेट्या लागतात त्या बहुतेक तिच्याच.

मेलिफेराच्या घरात, म्हणजे पोळ्याच्या एकेका खणात, नेमकं काय घडतं ते समजून घ्यायला हवं, कारण सगळा डाव तिथंच आहे. घरावर मेणाचं झाकण बसण्याच्या थोडं आधी कोळ्याची मादी आत शिरते आणि अळीच्या खाद्यात दडते. झाकण बसल्यावर अडीच-तीन दिवसांनी ती पहिलं अंडं घालते. तो नर. मग साधारण दर ३० तासांनी एकेक मादी. झाकणाआडच भावाबहिणींचं मीलन होतं. कामकरी माशीचं घर सुमारे १२ दिवस बंद असतं. तेवढ्या वेळात एखाद-दुसरी लेक वयात आली, तरच ती माशीबरोबर बाहेर पडते. अर्धवट वाढलेल्या बाकीच्या मरतात. म्हणजे मधेच कोणी झाकण उघडून कोष बाहेर फेकला, तर कोळ्याची ती वीण वाया गेली.

सातेरी बहुतांशी हेच करते. कामकरी पिलाव्यात कोळी शिरला तर तो कोष ती उपसून काढते. शिवाय कोळी लागलेला तिचा कोष लवकर मरतो, त्यामुळे कोळ्याची वाढ पुरीच होत नाही. नरांच्या पिलाव्यात त्याचं फावतं खरं, पण तो पिलावा हंगामापुरताच. त्यातही कोळी फार झाले तर दुबळा नर टणक झाकण फोडू शकत नाही आणि कोळी त्याच्यासकट आत गाडले जातात. हजारो वर्षांच्या सहवासातून आलेलं हे शहाणपण आहे. आपली गवळाऊ आणि संकरित जर्सी एकाच गोठ्यात बांधली, तर गोचिड्या कोणावर जास्त चढतात हे वर्ध्याकडच्या शेतकऱ्याला सांगावं लागत नाही.

मग मेलिफेराला हे शिकवता येईल का? शिकवता येत नाही, निवडता येतं. अमेरिकी संशोधक वॉल्टर रोथेनब्यूलर यांचा १९६४ चा प्रयोग मला फार आवडतो. कोळी नव्हे, फाउलब्रूड हा पिलाव्याचा रोग त्यांच्यासमोर होता. मेलेल्या अळ्या झटपट बाहेर टाकणारा एक वाण आणि तशाच पडू देणारा दुसरा, यांचा त्यांनी संकर केला. तो संकर पुन्हा स्वच्छ वाणाशी जोडला. २९ वसाहती मिळाल्या. त्यांतल्या ६ वसाहतींनी झाकणं उघडून मेलेल्या अळ्या काढल्या. ९ वसाहतींनी झाकणं उघडली, पण अळीला शिवल्या नाहीत. १४ वसाहतींनी काहीच केलं नाही. मग या १४ वसाहतींतली झाकणं त्यांनी स्वतः उघडून दिली, तेव्हा त्यांतल्या ६ वसाहतींनी अळ्या उपसल्या! झाकण उघडणं आणि अळी काढणं हे दोन गुण वेगवेगळे वारशानं येतात, असा अर्थ त्यांनी लावला. पुढे कळलं की यामागं दोनापेक्षा जास्त जनुकं आहेत.

मार्ला स्पिवॅक यांनी अमेरिकेतल्या मिनेसोटात याच पायावर स्वच्छ माश्यांचा वाण बांधला. तिथल्याच बॅटन रूज शहरातल्या प्रयोगशाळेत जॉन हार्बो आणि जेफ्री हॅरिस यांनी तर नेमका व्हरोआ लागलेला कोषच हुडकून काढणाऱ्या माश्या निवडल्या. अशा माश्यांचं नाक तिखट असतं. बंद झाकणाखालच्या बिघाडाचा वास त्यांना इतरांच्या आधी येतो.

हे विदर्भात का हवं? औषधं आहेतच. पण फॉर्मिक ॲसिडची वाफ तिशीच्या पुढच्या तापमानात राणीला आणि पिलाव्याला बाधते, आणि आपला पारा मे महिन्यात ४५ गाठतो. फ्लुव्हॅलिनेट या कोळीनाशकाच्या पट्ट्यांना तर कोळी अनेक देशांत सरावले आहेत.

वसाहत किती स्वच्छ आहे याची परीक्षा करायला मोठी प्रयोगशाळा लागत नाही. बंद पिलाव्याची १०० घरं बारीक टाचणीनं टोचून आतले कोष मारायचे आणि २४ तासांनी किती साफ झाली ते मोजायचं. अधिक काटेकोर पद्धतीत पिलाव्याचा गोल तुकडा द्रव नायट्रोजननं गोठवतात. ज्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कृत्रिम रेतन होतं, तिथं हा नायट्रोजन असतोच. २४ तासांत ९५ टक्के पिलावा साफ झाला आणि दुसऱ्या चाचणीतही तसंच झालं, तर ती वसाहत जपावी. कोळी मोजायला पिठीसाखर पुरते. राणी नाही ना हे पाहून अर्धा कप, म्हणजे सुमारे ३०० माश्या जाळीच्या झाकणाच्या बरणीत घ्यायच्या, साखर टाकून घोळवायच्या आणि पांढऱ्या ताटात झटकायच्या. पडलेले कोळी मोजून तीननं भागलं की टक्केवारी मिळाली.

अडचण वेगळीच आहे. राणी हवेत उडून दहा-वीस नरांशी संग करते. आई निवडता येते, बाप निवडता येत नाहीत. म्हणून एकट्यानं हे जमणारं नाही. चार-पाच गावांतल्या पेटीवाल्यांनी मिळून चांगल्या वसाहतींतूनच राण्या काढल्या, तर हवेतले नरही हळूहळू चांगले होत जातील. माझं स्पष्ट मत आहे की पेट्यांच्या अनुदानाइतकाच पैसा या कामाला मिळायला हवा.

आणखी एका कोळ्याचा विचार करावा लागेल. पाण्याच्या टाक्यांवर आणि वडा-पिंपळांवर लटकणाऱ्या आग्यामोहोळाचा ट्रोपिलीलॅप्स हा कोळीही मेलिफेरावर येतो आणि व्हरोआपेक्षा वेगानं वाढतो. मात्र पिलावा नसेल तर तो थोडेच दिवस तगतो. म्हणून काही दिवस राणीला पिंजऱ्यात ठेवून तिची अंडी थांबवली, तर त्याला आवर बसतो.

त्या दिवशी शेवटच्या पेटीतली चौकट पाहून बागमालक घाबरले. पिलाव्यावर जागोजागी झाकणं कुरतडलेली, दोन माश्या एक पांढरा कोष ओढत बाहेर आणत होत्या. "ही पेटी खराब झाली का जी?" आम्ही साखर घोळवून पाहिली. ताटात २ कोळी पडले. पहिल्या पेटीत २१ पडले होते. त्यांनी पेटीवर चुन्यानं फुली मारली. तूर फुलली की नव्या राण्या हिच्याच अळ्यांपासून काढायच्या, असं ठरलं.