‘वयोमानानुसार मेंदू आकसलाय’ हे ठरवलं कुणी?

साठी ओलांडलेल्या माणसाचा मेंदूचा एमआरआय काढला की रिपोर्टमध्ये खाली कुठेतरी ‘एज रिलेटेड सेरेब्रल अ‍ॅट्रॉफी’ (वयोमानानुसार मेंदू आकसलाय) अशी एक ओळ बऱ्याचदा असते, घरचे ती वाचून हबकतात, गूगल करत बसतात आणि मग डॉक्टर म्हणतात अहो काळजी करू नका, वयानुसार एवढं असतंच. पण वयानुसार ‘एवढं’ म्हणजे किती, आणि ते कुणाचे मेंदू बघून ठरलं? यामागे बरीच मोठी हिस्टरी आहे आणि माझ्या मते ती मशीनची कमी आणि माणसं कुठली निवडली याची जास्त आहे.

आधी स्कॅनच नव्हते. म्हाताऱ्यांच्या मेंदूबद्दल जे काही कळायचं ते पोस्टमॉर्टेममधून, म्हणजे माणूस मेल्यावर, आणि तोही बहुतेक हॉस्पिटलात आजारी पडून मेलेला. १९१९ मध्ये अमेरिकेत वॉल्टर डँडी यांनी पाठीच्या कण्यातून हवा आत सोडून जिवंत माणसाच्या मेंदूचा एक्स-रे काढायची युक्ती शोधली, पण त्यात पेशंटचं डोकं असं ठणकायचं आणि उलट्या इतक्या व्हायच्या की धडधाकट माणसावर कोण करणार ते. त्यामुळे निरोगी म्हातारा मेंदू आतून कसा असतो हे कुणी पाहिलेलंच नव्हतं, आणि ‘साठी बुद्धी नाठी’ हे आपल्याकडेच काय, सगळ्या जगात गृहीत धरलेलं होतं, शास्त्रज्ञांनीसुद्धा.

त्याला पहिला धक्का बसला तो चित्राने नाही, एका आकड्याने. १९४० च्या दशकात सेमूर केटी आणि कार्ल श्मिट यांनी मेंदूचा रक्तप्रवाह मोजायची पद्धत काढली. माणसाला सुमारे १० मिनिटं थोडा नायट्रस ऑक्साइड, म्हणजे लाफिंग गॅस, हुंगायला द्यायचा आणि तेवढ्या वेळात एक सुई धमनीत आणि दुसरी कवटीच्या खाली मानेतल्या शिरेत ठेवून रक्ताचे नमुने घेत राहायचे. मेंदू किती वेगाने गॅस शोषतो त्यावरून रक्त किती वाहतंय याचा हिशोब. सगळ्या मेंदूचा मिळून एकच आकडा, कुठला भाग काय करतोय ते काही कळायचं नाही. पण हीच पद्धत घेऊन १९५० च्या दशकात अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ मेंटल हेल्थमध्ये जेम्स बिरेन, रॉबर्ट बटलर, लुई सोकोलॉफ वगैरे मंडळींनी ६५ च्या पुढच्या ४७ पुरुषांना तपासलं, आणि मुद्दाम हॉस्पिटलातले नाही तर स्वतःच्या पायांनी चालत येणारे, आपापल्या घरी राहणारे. त्यातले २७ अगदी ठणठणीत आणि उरलेले २० असे की तक्रार काही नाही पण तपासणीत बारीकसारीक काहीतरी सापडलेलं. १९६३ मध्ये रिझल्ट छापून आले: ठणठणीत म्हाताऱ्यांच्या मेंदूचा रक्तप्रवाह तरुणांच्या तोडीचा! ज्यांच्यात रक्तवाहिन्या कडक व्हायला लागल्याची चिन्हं होती त्यांचा मात्र कमी. म्हणजे आपण वयाच्या खात्यावर जे टाकत होतो त्यातलं बरंचसं आजाराच्या खात्यावरचं निघालं. याच बटलर यांनी पुढे १९६९ मध्ये ‘एजिझम’ हा शब्द काढला, वयावरून माणसाला कमी लेखणं या अर्थाने, यात मला तरी काही योगायोग वाटत नाही.

मशीनचा भाग पटकन उरकतो कारण तो सगळ्यांना थोडाफार माहीत असतो. १ ऑक्टोबर १९७१ ला लंडनच्या अ‍ॅटकिन्सन मॉर्ली हॉस्पिटलमध्ये गॉडफ्री हाउन्सफील्ड यांच्या मशीनवर पेशंटचा पहिला सीटी झाला, १९७३ मध्ये पॉल लॉटरबर यांनी एमआरआयची कल्पना छापली, १९९० मध्ये सेइजी ओगावा यांनी रक्तातल्या ऑक्सिजनच्या फरकावरून मेंदूचं काम टिपता येतं हे दाखवलं आणि दोनेक वर्षांत माणसांवर फंक्शनल एमआरआय सुरूही झाला. आपल्या विषयासाठी यातली सगळ्यात मोठी गोष्ट चित्राची क्लॅरिटी नव्हे, तर एमआरआयमध्ये एक्स-रेसारखं रेडिएशन नाही ही. म्हणजे काहीही झालेलं नाही अशा माणसाला बोलवा, स्कॅन करा, पाच वर्षांनी परत बोलवा, परत करा. बाल्टिमोरचा एजिंगचा अभ्यास १९५८ पासून चालू होता (पहिली २० वर्षं त्यात फक्त पुरुषच घेत होते, बायकांना म्हातारपण येतच नसावं बहुधा) आणि १९९४ पासून सुसान रेझ्निक यांनी त्याच लोकांचे स्कॅन घ्यायला सुरुवात केली. नफ्ताली राझ यांच्या टीमने ७२ निरोगी लोकांना ५ वर्षांच्या अंतराने स्कॅन करून २००५ मध्ये दाखवलं की सगळा मेंदू सारखा आकसत नाही, स्मरणाशी संबंधित हिपोकॅम्पस बऱ्यापैकी घटतो, दृष्टीचा मुख्य भाग जवळजवळ तसाच राहतो, आणि माणसामाणसात फरक प्रचंड.

आता खरी मजा फंक्शनल स्कॅनमध्ये झाली. १९९४ मध्ये शेरिल ग्रेडी यांच्या पेट (PET) स्कॅनच्या, म्हणजे किंचित किरणोत्सर्गी रसायन देऊन घेतलेल्या स्कॅनच्या, अभ्यासात चेहरे ओळखताना म्हाताऱ्यांच्या मेंदूचा मागचा भाग कमी आणि पुढचा भाग जास्त काम करताना दिसला. मग रोबेर्तो काबेसा यांनी दाखवलं की आठवायचं एखादं काम तरुण मंडळी कपाळामागच्या भागाच्या एकाच बाजूने करतात तिथे वयस्कर लोक दोन्ही बाजू वापरतात, आणि २००२ च्या त्यांच्या अभ्यासात तर हे असं दोन्हीकडून काम करणारे म्हातारे तेच निघाले ज्यांची स्मरणशक्ती तरुणांएवढी शाबूत होती. एका हाताने उचलत नाही तर बादली दोन हातांनी उचलायची, तसं. ही कल्पना लोकांना भयंकर आवडली, आवडणारच, कारण त्यात म्हातारा मेंदू बिचारा नाही तर जुगाडू दिसतो. पुढची कित्येक वर्षं स्कॅनमध्ये जरा जास्त लाल (म्हणजे जास्त काम करणारा भाग) दिसलं की ‘भरपाई करतोय’ आणि कमी दिसलं की ‘घसरलाय’ असं लिहायची पद्धतच पडली. तेच जास्त लाल म्हणजे सिग्नल इकडेतिकडे सांडणंही असू शकतं असं म्हणणारे होते, पण त्यांचं फारसं कुणी ऐकलं नाही. शिवाय फंक्शनल एमआरआय थेट मेंदूच्या पेशी बघत नाही, रक्त बघतो, आणि वयाबरोबर रक्तवाहिन्याच ताठर होतात, त्यामुळे पेशी तेवढंच काम करत असल्या तरी सिग्नल बदलू शकतो. केंब्रिजमध्ये १८ पासून ८० च्या पुढच्या लोकांपर्यंत सुमारे ७०० जणांचे स्कॅन झालेत, त्यातला डेटा घेऊन अ‍ॅलेक्सा मॉर्कम आणि रिचर्ड हेन्सन यांनी २०१८ मध्ये तपासलं की पुढच्या भागात दिसणारं ते जास्तीचं काम खरंच काही जास्तीची माहिती वाहतंय का, तर वाहत नव्हतं. सगळी भरपाईची थिअरी त्याने मोडली असं नाही, पण लालेलाल चित्र बघून खूश व्हायचे दिवस गेले.

त्याहून जुना आणि जास्त खोल घोटाळा तुलनेतच होता. २५ वर्षांची पोरं आणि ७० वर्षांचे आजोबा एकाच महिन्यात स्कॅन करायचे आणि मधला फरक म्हणजे ‘वय’ असं धरायचं. पण आजोबांचं लहानपण, शाळा, खाणंपिणं, आजार सगळंच वेगळं होतं ना, आणि अभ्यासाला स्वतःहून येणारे आजोबा साधारण जास्त शिकलेले, फिट आणि हौशी असतात. स्वीडनच्या उमेओ शहरात १९८८ पासून एक मोठा अभ्यास चालू आहे, त्यात लार्स नीबर्ग यांच्या टीमने २०१० मध्ये एक झणझणीत गोष्ट छापली: एका वेळची तुलना केली तर वयस्कर लोकांचा पुढचा भाग जास्त काम करताना दिसतो, पण तीच माणसं काही वर्षांनी परत स्कॅन केली तर त्याच भागाचं काम कमी झालेलं. सॅम्पल तोच, मशीन तेच, उत्तर उलटं! कारण स्कॅनला आलेली वयस्कर मंडळी मुळातच हुशार होती.

मग प्रश्न असा की मुळात कोण किती हुशार होतं हे ७० वर्षांनी कसं कळणार? याचं उत्तर स्कॉटलंडच्या दप्तरात पडून होतं. १ जून १९३२ ला स्कॉटलंडमध्ये १९२१ साली जन्मलेल्या जवळजवळ सगळ्या मुलांची, ८७,४९८ मुलांची, एकाच दिवशी एकच बुद्धिमत्ता चाचणी घेतली होती, ४५ मिनिटांची, ७१ प्रश्नांची. १९४७ मध्ये १९३६ साली जन्मलेल्यांची परत तशीच, ७०,८०५ मुलं. मार्क रजिस्टरात उतरवले गेले, रजिस्टर बांधून ठेवली आणि पुढची काही दशकं कुणी त्यांना हात लावला नाही. १९९० च्या दशकात इयन डिअरी आणि लॉरेन्स व्हॅली यांना त्यांची किंमत कळली, आणि त्यांनी काय केलं तर अ‍ॅबरडीन भागातली जी हयात होती त्यांना शोधून बरोबर ६६ वर्षांनी, १ जून १९९८ ला, अ‍ॅबरडीनच्या म्युझिक हॉलमध्ये बसवलं आणि तोच पेपर दिला, तीच ४५ मिनिटं. ७३ जणांनी सोडवला. वय ७७. ११ व्या वर्षी जे पुढे होते ते साधारण आताही पुढेच होते, दोन वेळच्या मार्कांचा संबंध ०.६३ चा आला (१ म्हणजे तंतोतंत जुळणी), म्हणजे बराच घट्ट पण सगळं ठरवून टाकणारा नाही.

त्यातूनच लोदियन बर्थ कोहॉर्ट नावाचे गट उभे राहिले, एडिनबरा आणि आसपासच्या त्या जुन्या मुलांचे. १९३६ वाल्यांच्या गटात १,०९१ जण, सत्तरीच्या आसपास पहिली भेट, मग ७३ च्या आसपास एमआरआय आणि दर तीनेक वर्षांनी परत. स्कॅनची बाजू जोअ‍ॅना वॉर्डलॉ यांनी सांभाळली. आणि इथे एक निष्कर्ष आला जो मला या सगळ्या हिस्टरीतला सगळ्यात चपखल वाटतो. म्हातारपणी ज्यांच्या मेंदूचं वरचं आवरण, कॉर्टेक्स, जाड असतं त्यांची बुद्धी जास्त तल्लख, हे आधीपासून दिसत होतं आणि लोक म्हणत की बघा, ज्यांनी मेंदू राखला त्यांनी बुद्धी राखली. २०१४ मध्ये ५८८ जणांच्या स्कॅनवर शरीफ करामा आणि डिअरी वगैरेंनी हिशोबात ११ व्या वर्षीचे मार्क घातले आणि तो संबंध दोन-तृतीयांशाहून जास्त विरून गेला. म्हणजे जाड कॉर्टेक्स हे राखण्याचं बक्षीस कमी, लहानपणापासूनची शिल्लक जास्त. १९४७ मध्ये शाईने लिहिलेल्या मार्कांनी कोट्यवधींच्या मशीनचं उत्तर बदललं.

‘निरोगी’ या शब्दालाही मधल्या काळात तडा गेला. १९८८ मध्येच रॉबर्ट कॅट्झमन यांना पोस्टमॉर्टेममध्ये असे काही वृद्ध सापडले होते की मेंदूत अल्झायमरचे डाग भरपूर पण जिवंतपणी डोकं ठिकाणावर, आणि यावरूनच पुढे याकोव्ह स्टर्न वगैरेंनी ‘रिझर्व्ह’ची, म्हणजे मेंदूच्या गंगाजळीची, कल्पना मांडली. पण जिवंतपणी ते डाग दिसत नव्हते. पिट्सबर्गच्या विल्यम क्लंक आणि चेस्टर मॅथिस यांनी अमायलॉइडला, म्हणजे ते डाग ज्या प्रथिनाचे असतात त्याला, चिकटणारं एक रसायन बनवलं, स्वीडनच्या उप्सालामध्ये २००२ मध्ये ते पहिल्यांदा माणसाला देऊन पेट स्कॅन केला, २००४ मध्ये पेपर आला. त्यानंतर धडधाकट वृद्धांचे स्कॅन झाले तर त्यातल्या साधारण २० ते ३० टक्के लोकांच्या मेंदूत अमायलॉइड निघालं! आता मागच्या सगळ्या अभ्यासातले ‘निरोगी’ आठवा. त्यांच्यात असे किती होते हे कुणी तपासलंच नव्हतं, त्यामुळे तेव्हा मोजलेल्या ‘नॉर्मल’ आकसण्यात थोडा गुपचूप आजारही मिसळलेला असणार.

चालण्याच्या व्यायामाचा उल्लेख केला नाही तर कुणीतरी विचारणारच. २०११ मध्ये कर्क एरिक्सन यांच्या टीमने १२० वयस्कर लोकांवर वर्षभर प्रयोग केला, झपझप चालणाऱ्यांचा हिपोकॅम्पस सुमारे २ टक्के वाढला, नुसतं स्ट्रेचिंग करणाऱ्यांचा सुमारे १.४ टक्के घटला. व्हॉट्सअ‍ॅपवर हे अजून फिरतंय. नंतरचे सगळे प्रयोग इतके सरळ आले नाहीत, तरी चाला, हार्टसाठी चांगलंच आहे.

आणि भारताचं काय? इथे दोन अडचणी आधीपासून होत्या. एक म्हणजे सगळे स्कॅन ज्या स्टँडर्ड मेंदूवर बसवून मोजतात तोच आपला नाही. जुना तालेराखचा अ‍ॅटलास, म्हणजे मेंदूचा नकाशा, ६० वर्षांच्या एका फ्रेंच बाईच्या मेंदूवरून केलेला, नंतरचा माँट्रियलचा १५२ जणांच्या स्कॅनवरून, तेही बहुतेक तरुण आणि पाश्चात्त्य. हैदराबादच्या ट्रिपल आयटीमध्ये जयंती शिवस्वामी यांच्या टीमने २०१९ मध्ये १०० भारतीय तरुणांवरून अ‍ॅटलास बनवला तेव्हा आपला मेंदू सरासरीने आकाराने थोडा लहान निघाला, त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही, पण परक्या मापाने मोजलं तर विनाकारण ‘आकसलाय’ वाटू शकतं.

दुसरी अडचण चाचण्यांची. स्कॅनबरोबर बुद्धीची चाचणी लागतेच, आणि ‘१०० मधून ७ वजा करत जा’ किंवा ‘हे वाक्य वाचा आणि तसं करा’ हे शाळेत न गेलेल्या आजीला विचारून काय उपयोग. हरियाणातल्या बल्लभगढमध्ये मेरी गांगुली आणि सहकाऱ्यांनी १९९५ च्या सुमारास यासाठी वेगळी हिंदी चाचणी तयार केली, त्यात आठवड्याचे वार उलटे सांगायचे, आणि ‘डोळे मिटा’ असं लिहिलेलं वाचायच्या ऐवजी समोरचा माणूस डोळे मिटतो, तुम्ही त्याच्याकडे बघून तसंच करायचं. आता बेंगळुरूच्या सेंटर फॉर ब्रेन रिसर्चचा कोलार जिल्ह्यातल्या श्रीनिवासपुरा तालुक्यात १०,००० गावकऱ्यांचा अभ्यास चालू आहे, ४५ च्या पुढचे सगळे, रक्त, जनुकं, चाचण्या आणि एमआरआय, आणि पुन्हा पुन्हा तीच माणसं. बेंगळुरू शहरातल्या लोकांचा छोटा गट वेगळा. या लोकांचे ११ व्या वर्षीचे मार्क कुठल्या रजिस्टरात नाहीत, कित्येक जण त्या वयात शाळेत नव्हतेच, त्यामुळे पहिला स्कॅन हीच त्यांची सुरुवातीची नोंद, आणि म्हणूनच विसरायला लागायच्या बरंच आधी, पंचेचाळिशीतच, त्यांना बोलावून घेतात.