गार्ड ‘बरा’ आहे, म्हणजे किती?

पॉवर प्रेस म्हणजे पत्रा दाबून कापणारं किंवा वाकवणारं यंत्र; त्यात हात जाऊ नये म्हणून लावलेली जाळी म्हणजे गार्ड. हा गार्ड तारेनं बांधून वर अडकवलेला असतो. गार्ड आहे, पण माल घालताना हात आत जाईल एवढी फट ठेवलेली. तपासणीच्या कागदावर प्रश्न एवढाच: ‘गार्ड आहे का? होय / नाही.’ भरणारा ‘होय’वर टिक करतो. तो खोटं बोलत नाही, पण अर्धंमुर्धं लिहायला त्या कागदावर जागाच नसते. आणि बोटं जातात ती त्याच फटीत.

ही जागा गणितात करून दिली लॉत्फी झादे यांनी. अझरबैजानमधल्या बाकूत जन्मलेले झादे अमेरिकेत बर्कलेच्या विद्यापीठात शिकवत. १९६५ साली त्यांनी ‘फझी सेट’ची, म्हणजे धूसर कडांच्या संचाची कल्पना मांडली. नेहमीच्या गणितात एखादी गोष्ट संचात असते किंवा नसते, १ किंवा ०. फझीमध्ये ती ०.३ किंवा ०.७ इतकीही असू शकते. याची संभाव्यतेशी गल्लत करू नये. उद्या पाऊस येईल का, हा संभाव्यतेचा प्रश्न; आता पडतोय त्याला भुरभुर म्हणायचं की मुसळधार, हा फझीचा.

कारखान्यातल्या आवाजाचंच बघा. आपल्या नियमांत आठ तासांसाठी मर्यादा ९० डेसिबल. म्हणजे ८९ पास, ९१ नापास. कायद्याला रेघ लागतेच, पण कानाला ती कळत नाही. फझी मोजणीत ८९ हा ‘धोकादायक’ गटात समजा ०.४५ आणि ९१ हा ०.५५ धरता येतो. कडा जाते, उतार येतो.

आता पूर्ण कारखान्याचं मूल्यमापन. समजा दहा जणांना विचारलं. गार्डबद्दल दोघं ‘चांगलं’ म्हणाले, तिघं ‘बरं’, पाच जण ‘वाईट’: ०.२, ०.३, ०.५. प्रशिक्षणाचे आकडे ०.६, ०.३, ०.१ आणि प्रथमोपचाराचे ०.८, ०.२, ०. तिन्ही बाबींना महत्त्वानुसार ०.५, ०.३, ०.२ असं वजन देऊन गुणाकार-बेरीज केली, की ‘चांगलं’ ०.४४, ‘बरं’ ०.२८, ‘वाईट’ ०.२८. सर्वांत मोठा आकडा ‘चांगलं’चा, म्हणून कारखाना चांगला!

इथंच मला भीती वाटते. प्रथमोपचाराची भरलेली पेटी तुटक्या गार्डची भरपाई करून जाते. तेच गार्डला ०.८ आणि बाकी दोन्ही बाबींना प्रत्येकी ०.१ वजन दिलं, तर ‘वाईट’ ०.४१ वर जाऊन पहिलं येतं. माणसं तीच, मतं तीच, निकाल उलटा. वजनं तज्ज्ञ ठरवतात, आणि ती कशी ठरवली हे अहवालात उघड लिहिलेलं असलंच पाहिजे. शिवाय जिथं जीव किंवा अवयव जाऊ शकतो, तिथं सरासरी न काढता सर्वांत वाईट आकडाच धरावा, असं माझं ठाम मत आहे. फझी गणितात तशी सोयही आहे.

आणखी एक गोष्ट सरासरीत हरवते. ‘वाईट’ म्हणणारे ते पाच जण कोण होते? ऑफिसात बसणारे, की रोज त्या प्रेसवर हात घालणारे?