पायथनची समांतर स्थापना

लिनक्स कार्यप्रणालीबरोबर आलेल्या पायथन या प्रोग्रामिंग भाषेला हात न लावता त्याच संगणकावर पायथनची अधिक नवी आवृत्ती वेगळ्या जागी बसवण्याची पद्धत. सर्व्हरची कार्यप्रणाली वर्षानुवर्षे तीच ठेवली जाते. पायथनची नवी आवृत्ती मात्र अलीकडे दर ऑक्टोबरात येते. या अंतराचे ठळक उदाहरण म्हणजे सेंटओएस ७. रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स ७ वरून तयार झालेली ही प्रणाली जुलै २०१४ मध्ये आली ती पायथन २.७.५ घेऊन, आणि तिचे पाठबळ ३० जून २०२४ रोजी संपले तेव्हाही तिच्यात मूळ पायथन तेच होते. दरम्यान पायथनच्या विकासकांनी २.७ ही शाखा १ जानेवारी २०२० पासून सोडून दिली होती व ३.१२ प्रसिद्ध होऊन काही महिने लोटले होते.

एकाच यंत्रावर एका सॉफ्टवेअरच्या अनेक आवृत्त्या शेजारीशेजारी ठेवण्याची कल्पना पायथनहून जुनी आहे. तिचे श्रेय नेमके कोणाला, याविषयी एकमत नाही. स्थानिक सॉफ्टवेअर ‘यूएसआर-लोकल’ या फोल्डरात ठेवण्याची युनिक्समधली रीत हे तिचे मूळ, असे काही जण मानतात. परंतु त्या रीतीत जागा वेगळी असली तरी आवृत्ती एकच गृहीत धरलेली असते. त्यामुळे १९९० च्या सुमारास मांडल्या गेलेल्या ‘डेपो’ या रचनेकडे आरंभ नेणारे मत अधिक ग्राह्य वाटते. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेतील केनेथ मॅनहायमर, बॅरी वॉर्सॉ व सहकारी यांनी ती मांडली. प्रत्येक सॉफ्टवेअरला स्वतःचे स्वतंत्र फोल्डर देणे हे तिचे सूत्र. कार्नेगी मेलन विद्यापीठातील त्याच नावाचे साधन १९९२ च्या सुमाराचे असून पुढे आलेल्या ग्नू स्टो या साधनाने प्रेरणा घेतली ती त्याच्याकडून. या दोन डेपोंची संदर्भांत अनेकदा गल्लत होते. १९९१ मध्ये जॉन फर्लानी यांनी वर्णन केलेली ‘मॉड्यूल्स’ ही योजना तिसरी. तिच्यात फायली न हलवता वापरणाऱ्याच्या शेलमधले (आज्ञा स्वीकारणाऱ्या प्रोग्राममधले) मार्ग तेवढे बदलतात. मॅनहायमर व वॉर्सॉ हे दोघेही पुढे पायथनच्या आरंभीच्या वर्तुळात वावरले, ही गोष्ट नोंदवण्याजोगी आहे. मात्र त्यावरून पायथनच्या स्थापना-पद्धतीवर डेपोचा थेट प्रभाव होता असे म्हणणे धाडसाचे होईल.

मूळ पायथन बदलायचे नाही, यामागे ठोस कारण आहे. सेंटओएस ७ मधील यम हा पॅकेज-व्यवस्थापक, म्हणजे सॉफ्टवेअर उतरवून बसवणारा प्रोग्राम, पायथन २ मध्ये लिहिलेला आहे. त्याच्या मुख्य फायलीची पहिली ओळ ‘यूएसआर-बिन’मधील पायथनचा पत्ता देते. तेथली सिमलिंक (दुसऱ्या फायलीकडे नेणारी खूण) पायथन ३ कडे वळवली की यम तिसाव्या ओळीवर अडतो. त्या ओळीत अपवाद (प्रोग्राम चालताना उद्भवलेली अडचण) पकडताना अपवादाचे नाव व चल यांच्यामध्ये स्वल्पविराम आहे. पायथन २ ला तो चालत असे, पायथन ३ ला तेथे ‘अ‍ॅज’ हा शब्द लागतो. यावर यमच्या पहिल्या ओळीत पायथन २.७ असा स्पष्ट पत्ता लिहिण्याचा उपाय सर्रास केला जातो. यम मग सुरू होतो, पॅकेजांची यादीही देतो, आणि डाउनलोडच्या वेळी पुन्हा कोसळतो, कारण डाउनलोडचे काम करणारी अर्लग्रॅबरची उपफाइल त्याच सिमलिंकवर विसंबलेली असते. ती दुरुस्त केली की फायरवॉलची आज्ञा रुसते. सिमलिंक पूर्ववत करणे हाच यातला खरा उपाय होय.

सोर्सपासून (मूळ कोडपासून) कंपाइल करून, म्हणजे यंत्राला चालवता येईल असा प्रोग्राम बनवून, स्थापना करताना ‘मेक इन्स्टॉल’ऐवजी ‘मेक ऑल्टइन्स्टॉल’ वापरण्याचा संकेत आहे. पहिल्या आज्ञेने ‘पायथन३’ हे सामान्य नावही तयार होते. दुसरीने केवळ ‘पायथन३.११’ यासारखे आवृत्तीसह नाव तयार होते व आधीच्या कोणत्याही नावावर गदा येत नाही. कॉन्फिगर करताना सामायिक लायब्ररीचा (अनेक प्रोग्रामांनी वापरायच्या तयार कोडचा) पर्याय निवडला असेल तर तिचा मार्ग लोडरला, म्हणजे प्रोग्राम सुरू करताना लायब्ररी शोधणाऱ्या भागाला, कळवावा लागतो. न कळवल्यास स्थापना बिनबोभाट पूर्ण होते, पण पायथन चालू होत नाही. ऑप्टिमायझेशनचा पर्याय सेंटओएस ७ च्या जीसीसी ४.८.५ या कंपायलरबरोबर ३.८ व पुढील आवृत्त्यांत अनेकदा ‘रनपाय मॉड्यूल आयात होत नाही’ अशा दिशाभूल करणाऱ्या संदेशावर थांबतो; वास्तविक दोष कंपायलरच्या वयाचा असतो. डेव्हटूलसेट या संचातून नवे जीसीसी घेतल्यास अडचण दूर होते.

सर्वाधिक तक्रारी ओपनएसएसएल या सुरक्षित जोडणी पुरवणाऱ्या लायब्ररीविषयी आहेत. पायथन ३.७ ला ओपनएसएसएल १.०.२ किंवा तत्सम क्षमतेची लायब्ररी लागते, तर सेंटओएस ६ मध्ये १.०.१ होती. पायथन ३.१० पासून, पेप ६४४ या प्रस्तावानुसार, किमान १.१.१ आवश्यक ठरली. सेंटओएस ७ कडे १.०.२ होती. म्हणजे दोन्ही प्रणाली एकेका पायरीने मागे पडल्या. लायब्ररी जुनी असली म्हणून कंपाइल होणे थांबत नाही. अखेरीस न बनलेल्या मॉड्यूलांची यादी येते, ती पडद्यावरून निघून जाते, आणि पायथनची पॅकेजे बसवणारा पिप पहिले पॅकेज आणायला गेला की एसएसएल नसल्याचे उघड होते. ईपेल या पूरक रेपोत (सॉफ्टवेअरच्या भांडारात) १.१.१ ही आवृत्ती ‘ओपनएसएसएल११’ या नावाने मिळत असे. नाव व फोल्डर दोन्ही निराळे असल्याने पायथनच्या कॉन्फिगर फायलीतच नाव बदलण्याची युक्ती रूढ झाली. ती ओबडधोबड असली तरी चालते. लिबएफएफआय या लायब्ररीच्या हेडर फायली नसतील तर सी भाषेतल्या लायब्ररी वापरू देणारे सीटाइप्स मॉड्यूल असेच गुपचूप गळते.

खरी मर्यादा मात्र जीलिबसी या मूळ सी-लायब्ररीची आहे. सेंटओएस ५ मध्ये तिची २.५, ६ मध्ये २.१२ व ७ मध्ये २.१७ ही आवृत्ती होती. तयार बायनरी पॅकेजे कोणत्या लिनक्सवर चालतील हे सांगणारी मेनीलिनक्स मानके याच मोजपट्टीवर आखली गेली: २०१६ चे मेनीलिनक्स१ सेंटओएस ५ वर, त्यानंतरचे मेनीलिनक्स२०१० सेंटओएस ६ वर आणि मेनीलिनक्स२०१४ सेंटओएस ७ वर आधारलेले आहे. पॅकेजाला याहून नवी जीलिबसी हवी असेल तर पिप मुकाट्याने सोर्स उतरवून कंपाइल करू लागतो. जीलिबसीच बदलण्याचा मोह टाळलेला बरा. फोल्डरातली यादी दाखवणाऱ्या साध्या आज्ञेपासून बहुतेक सारे तिच्यावर उभे असते. पायथनेतर भाषांनाही हे बंधन आहे: जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोड १८ च्या अधिकृत बायनरीला २.२८ लागत असल्याने ती सेंटओएस ७ वर चालली नाही.

कंपाइल न करता स्थापना करण्याचे मार्गही आहेत. रेड हॅटच्या सॉफ्टवेअर कलेक्शन्समध्ये नवी आवृत्ती ‘ऑप्ट’ फोल्डरात बसते व ‘एससीएल एनेबल’ या आज्ञेपुरती जागी होते. रेड हॅट एंटरप्राइज लिनक्सच्या ऑगस्ट २०१९ मधील ७.७ या आवृत्तीपासून पायथन ३.६ मूळ रेपोतच मिळू लागले. पायएन्व्ह हे साधन प्रत्येकाच्या स्वतःच्या होम फोल्डरात आवृत्त्या ठेवते, पण पडद्यामागे तेही सोर्सच कंपाइल करते, त्यामुळे वरील अडचणी टळत नाहीत. कॉन्डा हे साधन ओपनएसएसएलसह बरेच काही स्वतःबरोबर आणते, जीलिबसी मात्र यजमान प्रणालीचीच वापरते. कंटेनरमध्ये, म्हणजे डॉकरसारख्या साधनाने चालवलेल्या बंदिस्त वातावरणात, जीलिबसीही स्वतःची असते. तरीही जुने डॉकर व जीलिबसी २.३४ किंवा पुढची अशी जोडी जमली की पायथनला नवा थ्रेड (समांतर चालणारा कामाचा धागा) सुरू करता येत नाही, असे अनेक ठिकाणी आढळले. जुन्या डॉकरची सुरक्षा-चाळणी क्लोन३ ही नवी सिस्टीम कॉल (कार्यप्रणालीच्या गाभ्याला केलेली विनंती) ओळखत नाही, हे त्याचे कारण.

महासंगणकांवर वापरणाऱ्याला रूटचे (प्रशासकाचे) अधिकार नसल्याने वर सांगितलेली मॉड्यूल्स योजनाच अधिक रुळली. पुण्याच्या सी-डॅकने राष्ट्रीय महासंगणन अभियानात उभारलेल्या परम मालिकेतील यंत्रांवरही ‘मॉड्यूल लोड’ हीच आज्ञा वापरतात.

पुढे लिनक्सच्या वितरणांनीच हा पेच मान्य केला. रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स ८ मध्ये (मे २०१९) प्रणालीचे पायथन ‘प्लॅटफॉर्म-पायथन’ या नावाने ‘लिबएक्झेक’ फोल्डरात हलवले गेले व नुसती ‘पायथन’ ही आज्ञा आपोआप मिळेनाशी झाली. पेप ६६८ नुसार डेबियन १२ (जून २०२३) मध्ये प्रणालीच्या पायथनमध्ये थेट पिप चालवल्यास तो नकार देतो व आभासी वातावरण (पॅकेजे वेगळी ठेवणारे स्वतंत्र फोल्डर) तयार करण्यास सुचवतो. आर्च लिनक्सने २०१० मध्येच ‘पायथन’ हे नाव पायथन ३ ला दिले होते. त्याचा कित्ता लगेच कोणी गिरवला नाही.

विंडोजवर प्रणाली स्वतः पायथनवर अवलंबून नसल्याने आवृत्त्यांचा संघर्ष कमी व बंधन सरळ आहे: एक्सपीवर ३.४, विंडोज ७ वर ३.८ ही शेवटची अधिकृत आवृत्ती. मॅकओएसमधील पायथन २.७ अ‍ॅपलने १२.३ या आवृत्तीत (मार्च २०२२) काढून टाकले.