खिडकीपलीकडचा राग

मे महिन्यात पारा ४५ अंशांना टेकला, की नागपुरातल्या कार्यालयांच्या खिडक्यांवर सकाळी अकरापासूनच आवाज चढू लागतात. अशाच एका रांगेत माझ्यापुढचे वृद्ध गृहस्थ खिडकीच्या फळीवर हात आपटून म्हणाले, "तीन चकरा झाल्या माह्या, आता कोणाले सांगू?" आत बसलेल्या बाईंचा चेहरा क्षणभर ताठरला. मग हातातला शिक्का खाली ठेवून त्या म्हणाल्या, "काकाजी, या उन्हात तीनदा यावं लागलं म्हटल्यावर राग येणारच. आधी पाणी घ्या. कोणता कागद अडला ते पाहू." सहीचे अधिकारी दौऱ्यावर असल्याने काम त्या दिवशीही झाले नाही, पण कोणता कागद घेऊन केव्हा यायचे, हे नीट समजून घेऊन ते गृहस्थ गेले.

पीटर सॅलोव्हे आणि जॉन मेयर या मानसशास्त्रज्ञांनी १९९० मध्ये भावनिक बुद्धिमत्तेची जी मांडणी केली, तिच्यात स्वतःच्या व दुसऱ्याच्या भावना ओळखणे, त्यांतले भेद जाणणे आणि त्या जाणिवेचा विचार व कृतीसाठी उपयोग करणे, या क्षमता येतात. गोड बोलणे तिच्यात कुठेच नाही. तरीही कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणात बहुधा हसतमुख राहण्यावरच भर असतो, आणि मला तो घातक वाटतो.

आर्ली हॉकशिल्ड या समाजशास्त्रज्ञ बाईंनी विमानातल्या सेविकांचा अभ्यास करून १९८३ मध्ये 'भावनिक श्रम' ही कल्पना मांडली. आत एक आणि चेहऱ्यावर दुसरेच, अशी कसरत दिवसभर करणे हेही श्रमच आहेत आणि त्यांनी माणूस झिजतो. त्याची झळ समोरच्यालाही लागते. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात अनोळखी स्त्रियांच्या जोड्यांना अस्वस्थ करणाऱ्या विषयावर बोलायला सांगितले होते. जिथे एकीने भावना चेहऱ्यावर येऊ न देता दाबल्या, तिथे तिच्या जोडीदारणीचाही रक्तदाब वाढला.

दाबण्याऐवजी दुसरे दोन मार्ग अभ्यासले गेले आहेत. 'हा माणूस माझ्यावर नव्हे, अडलेल्या कामावर चिडला आहे,' असा प्रसंगाचा अर्थ राग भडकण्याआधीच नव्याने लावणे, हा पहिला. दुसरा अगदी साधा आहे: भावनेला नाव देणे. मॅथ्यू लिबरमन आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये मेंदूच्या प्रतिमा घेतल्या, तेव्हा चेहऱ्यावरील भावनेला शब्द दिल्यावर भीती-रागासारख्या भावनांना चटकन प्रतिसाद देणाऱ्या अमिग्डाला या भागाची सक्रियता घटलेली आणि भावना आवरण्यास मदत करणाऱ्या, कपाळामागच्या प्रीफ्रंटल कॉर्टेक्सच्या एका भागाची वाढलेली दिसली. "राग येणारच" या दोन शब्दांचे मोल मला त्या प्रतिमा आठवून अधिक कळले.

अर्थात प्रत्येक कामात भावनिक बुद्धिमत्तेचा उपयोग सारखा नसतो. अनेक अभ्यास एकत्र तपासून २०१० मध्ये केलेल्या विश्लेषणात तिचा कामगिरीशी संबंध प्रामुख्याने माणसांशी सतत गाठ पडणाऱ्या कामांत आढळला. रुग्णालयाचा अपघात कक्ष, बसस्थानकाची चौकशी खिडकी आणि तक्रार निवारण कक्ष, ही सगळी अशीच कामे आहेत.

माझा क्रमांक आला तेव्हा हे कुठे शिकलात, असे मी बाईंना विचारले. "कोणी शिकवलं नाही जी," अर्जावर शिक्का मारत त्या म्हणाल्या. "पहिली दोन वर्षं इथं नुसती हसायची आणि घरी जाऊन पोरांवर ओरडायची."