इसब "आत दाबलं" जातं म्हणे!

आमच्या सोलापुरात घरोघरी एकच ऐकायला मिळतं, इसब म्हणजे रक्त खराब, मलम लावू नको, दाबलं की दमा होतो. अहो तसं नसतं. इसबात कातडीचं वरचं कवच कच्चं असतं, ओलावा टिकत नाही आणि खाज सुटते, रक्ताचा काय संबंध? दमा काहींना होतो खरा, पण ॲलर्जीचा कल मुळातच असतो म्हणून, मलमामुळं नव्हे. आणि हे शिवल्यानं पसरतही नाही, त्यामुळं पोराचा टॉवेल वेगळा ठेवून त्याला उगा लाजवू नका.

खरं काम रोजचंय. कोमट पाण्यानं 5-10 मिनिटं आंघोळ, कडक पाणी नको, घासणी तर अजिबात नको, टॉवेलनं नुसतं टिपायचं आणि अंग ओलसर असतानाच बिनवासाचं मॉइश्चरायझर भरपूर चोपडायचं. मे महिन्यात आपल्याकडं पारा 40 च्या वर, घामानं खाज वाढते, तेव्हा सैल सुती कपडे. स्टेरॉइड मलम डॉक्टर सांगतील तेवढे दिवसच. मेडिकलवाल्याला विचारून आणलेली ट्यूब मात्र नको, तिच्यात स्टेरॉइड असू शकतं आणि ते इसब नसून गजकर्ण, म्हणजे बुरशीचा संसर्ग, निघालं तर त्यानं आणखी पसरतं.