जड सामान मागच्या टोकाला ठेवल्याने कॅम्पर सुरक्षित होत नाही

एसयूव्हीच्या हुकला जोडून ओढायच्या कॅम्परमधलं (चाकांवरच्या राहण्याच्या खोलीतलं) जड सामान त्याच्या मागच्या टोकाला ठेवलं की एसयूव्ही मागून खाली दबत नाही, म्हणून तेच सुरक्षित, हा समज घातक आहे. मागे भार गेला की हुकवरचा दाब घटतो; मग पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे उतरताना कॅम्पर शेपटासारखा डोलायला लागतो. भरलेल्या कॅम्परच्या वजनाच्या साधारण १० ते १५ टक्के भार हुकवर हवा, म्हणजे ९०० किलोला ९० ते १३५. मोजायचं कसं? सपाट जागा, चाकांना दगड, कपलरखाली (कॅम्परच्या हुकला अडकणाऱ्या तोंडाखाली) वजनकाटा आणि त्यावर हुकच्या उंचीइतका लाकडी ठोकळा. पाण्याची भरलेली टाकी, बॅटरी कॅम्परच्या एक्सलच्या (चाकं जोडणाऱ्या दांड्याच्या) किंचित पुढे ठेवा. मॅन्युअलमधली हुकभाराची मर्यादा याहून कमी असेल, तर सामान मागे सरकवू नका, कॅम्परच हलका घ्या. डोलायला लागलाच तर अ‍ॅक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग सरळ धरा. गाडीचा ब्रेक जोरात दाबू नका.