अखंडसेवा सर्व्हर

बँकेचे व्यवहार, रेल्वे आरक्षण, वीजवितरण अशा क्षणभरही न थांबणाऱ्या कामांसाठी घडवलेला संगणक. ९९.९९९ टक्के उपलब्धता हा या क्षेत्रातला मानदंड. वर्षभरात जेमतेम सव्वापाच मिनिटे बंद राहण्याची मुभा.

आयबीएमने १९६४ मध्ये सिस्टिम/३६० ही मेनफ्रेम (मोठ्या संस्थांचे अवाढव्य मध्यवर्ती संगणक) मालिका जाहीर केली. व्याप वाढला की प्रोग्राम तेच ठेवून मोठे यंत्र घेता येऊ लागले. पण यंत्र बंद पडले की काम थांबे. टँडम कंपनीच्या नॉनस्टॉपने (१९७६) हे बदलले. त्यात प्रत्येक प्रोसेसरची मेमरी स्वतंत्र असे आणि चालू कामाची स्थिती वेळोवेळी जोडीदाराला कळवली जाई. एक पडला की दुसरा तिथूनच काम उचले. १९८० मध्ये स्थापन झालेल्या स्ट्रॅटस कंपनीने एकाच बोर्डावरच्या दोन प्रोसेसरकडून एकाच वेळी एकच सूचना करून घेतली. उत्तरे जुळली नाहीत, तर तो बोर्ड स्वतःच बाजूला होई आणि जोडीचा बोर्ड काम चालू ठेवी. ही पद्धत महाग खरी, पण प्रोग्राम लिहिणाऱ्याला काहीच वेगळे करावे लागत नसे.

पुढे खास प्रोसेसर मागे पडले. इंटेलचा इटॅनियम प्रोसेसर (२००१) बाजारात रुजला नाही. नॉनस्टॉपही अखेर एक्स८६ या सर्वसाधारण संगणकांतल्या प्रोसेसरवर आले. मेमरीतली चूक सुधारणारे जादा बिट, दुहेरी वीजपुरवठा, चालू यंत्रात बदलता येणारी डिस्क या एकेकाळच्या चैनीच्या गोष्टी आता साध्या सर्व्हरमध्येही मिळतात.

गोव्यात मात्र खरा शत्रू हवा आहे. खारा वारा आणि पावसाळी दमट हवा यांमुळे बोर्डावरच्या जोडण्या गंजतात. थंड देशांत बाहेरची हवा आत घेऊन यंत्रे निववतात. पणजी-वास्कोत तो मार्ग आत्मघातकीच. लाईट गेली आणि एसी थांबला की ओलावा आत शिरतो, म्हणून जनरेटरवर सर्व्हरइतकाच एसीचाही हक्क असतो.

दुसरी अडचण राखीव केंद्राची, म्हणजे मुख्य केंद्र बंद पडले तर काम उचलणाऱ्या दुसऱ्या जागेची. पणजीपासून मडगाव जेमतेम ३५ किलोमीटर, त्यामुळे दोन्हीकडे एकाच वेळी नोंद करणे सोपे. पण मे २०२१ मधल्या तौक्ते वादळासारख्या आपत्तीत दोन्ही शहरे एकदम सापडतात. घाटापलीकडे जावे, तर फायबरमध्ये प्रकाशाला दर किलोमीटरला सुमारे ५ मायक्रोसेकंद लागतात. बंगळूरपर्यंतचे साधारण ५५० किलोमीटर जाऊन परत येण्यात प्रत्येक नोंदीमागे किमान साडेपाच मिलिसेकंद जातात. म्हणून जवळ तत्काळ प्रत आणि दूर किंचित मागे राहणारी प्रत, अशी दुहेरी व्यवस्था करावी लागते.